डांबर सोडायचं नाही

१८ जानेवारी १९८९, बुधवार. माझ्यापुढं उसवायच्या हुडांचा ढीग होता.

हूड म्हणजे लष्करी ट्रकच्या कमानींवरून ओढून बांधतात ती जाड हिरवी ताडपत्री. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड होती. तिथं नवे हूड शिवले जायचे आणि जुने उसवले जायचे. नवे छावणीतून आलेल्या मापानं शिवून गाडीत चढायचे. जुने हूड मालक लष्कराच्या लिलावातून उचलून आणायचा. त्यांच्या शिवणी कापायच्या, पितळी रिंगा काढून डब्यात टाकायच्या, कापडाचा धड भाग वेगळा करायचा. त्यातून कांदा झाकायच्या ताडपत्र्या, दुकानांचे पडदे आणि पोरांची दप्तरं निघायची. मी बायकांच्या बाजूची सुपरवायझर होते. मॅट्रिक झाले होते, माप वाचता येत होतं आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती, एवढ्यावर ती जागा मला मिळाली होती.

लंकेतलं युद्ध केवढं आहे, हे वर्तमानपत्रातून नीट कळत नव्हतं. आम्हाला ते कापडावरून कळायचं. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात आपली फौज तिकडं शांतता राखायला गेली, तेव्हा मालक म्हणाला, दिवाळीपर्यंत परत येतील. दिवाळीत हुडांचं काम दुप्पट झालं. हूड वाढले म्हणजे गाड्या वाढल्या, गाड्या वाढल्या म्हणजे त्यांच्यावर पोसायची माणसं वाढली. मग पाण्याच्या पिशव्यांचं काम आलं. मग स्ट्रेचरच्या कापडाचं आलं. ते आल्यावर मालकानं परत यायची भाषा सोडली.

जुन्या हुडांवरूनही कळायचं. कुठले आहेत ते कुणी सांगत नसे, पण खाऱ्या वाऱ्यानं पापडासारखं कडक झालेलं कापड आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं. काहींना फांद्यांनी ओरखडे काढलेले असायचे, काहींना बारीक गोल भोकं. एखाद्याला खालून वर फाटत गेलेलं भगदाड असायचं, कडा जळालेल्या. तसा हूड निघाला की मी तो दुसऱ्या बाईकडं देत नसे. स्वतः घ्यायची, भगदाडाभोवती कात्री फिरवायची आणि तो तुकडा जाळायच्या ढिगात टाकायची. ऑक्टोबरात माझा भाऊ अशाच एका गाडीत गेला होता.

त्या बुधवारी माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईनं मशीन थांबवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, आमचा बारका सुट्टीवर आलाय. तुमच्या भावाच्या मागच्या गाडीत व्हता म्हणतो."

मी हातातली शिवण शेवटपर्यंत कापली. मग विचारलं, कधी भेटता येईल. ती म्हणाली, आजच या.

इथं भावाबद्दल सांगायला हवं. आम्ही मेंढपाळ. गाव करमाडजवळ. वडील गेले तेव्हा भाऊ रांगत होता. मायनं त्याला मेंढरांमागं वाढवला. पुढं चिकलठाण्याकडून कारखाने सरकत आले, गायरान कुंपणात गेलं आणि मेंढरं जालना रोडच्या कडेनं चरायला लागली. भावाला मेंढरांपेक्षा त्या रोडवरच्या गाड्या आवडायला लागल्या. करमाडच्या एका लॉरीवाल्याकडं तो क्लीनर म्हणून लागला, मग गाडी शिकला.

शिकत असतानाचा त्याचा एक किस्सा आमच्या घरी लग्नाकार्यात हटकून निघायचा. समोरून मेंढरांचा कळप आला. यानं हॉर्न दिला नाही. वेग कमी केला आणि भरलेली लॉरी साइडपट्टीवरून खाली काळ्या मातीत घातली. दिवस पावसाचे. लॉरी निम्म्या चाकापर्यंत रुतली आणि मालकानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कळप आमचा नव्हता. कुणाचा का असेना, आमच्यात कळप फोडत नाहीत. समोर कळप आला की गाडीवाल्यानं, सायकलवाल्यानं, ज्यानं त्यानं खाली उतरायचं आणि जनावरांना वाट द्यायची. मधून घुसलं की निम्मी मेंढरं इकडं, निम्मी तिकडं होतात, कोकराला आई सापडत नाही आणि बुजलेला कळप संध्याकाळपर्यंत तोंड खाली घालत नाही. मायनं हे आम्हाला कळत नव्हतं तेव्हापासून शिकवलेलं. रुतलेल्या लॉरीचा किस्सा सांगताना ती हसायची, पण त्यात कौतुक असायचं.

फौजेत तो ड्रायव्हरच झाला. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात लंकेतून सुट्टीवर आला, तेव्हा अंगणात बसून त्यानं आम्हाला युद्ध समजावून सांगितलं. लढणारे थोडे असतात, म्हणाला, आणि त्यांच्यामागं वाहणारे फार. जंगलात एक चौकी असते. तिथल्या माणसांना पीठ, डाळ, रॉकेल, औषधं, गोळ्या आणि प्यायचं पाणीसुद्धा बाहेरून न्यायचं. पाण्याचा टँकर एकटा जात नाही. त्याच्या पुढं राखणीच्या गाड्या, मागं राखणीच्या गाड्या. त्या गाड्यांना डिझेल लागतं, म्हणून डिझेलची गाडी. डिझेलच्या गाडीला जपायला आणखी माणसं, आणि ती माणसं पुन्हा पाणी पितात.

"अक्का, लढाईत गोळ्या कमी अन् गोण्या जास्त," तो म्हणाला. "गाडीभर वैरण निघावी अन् वाटंतच निम्मी बैलांनी खावी, तसं चाललंय."

माय लोकर पिंजत होती. ती म्हणाली, "मग पाणी तरी तिथंच कामून काढत नाय? हिरी नायत का तिथं?"

"हायेत की. पण त्यात काय टाकलंय कुणाला ठावं. माय, तुला जनरल करायला पाहिजे व्हतं."

रोज सकाळी रस्ता तपासणारी माणसं पुढं चालत जायची. काठ्या घेऊन, कुत्री घेऊन, डांबराचा प्रत्येक जोड बघत. त्यांच्यामागं गाड्या माणसाच्या चालीनं. सुरुंग बहुतेक कडेच्या मातीत पुरलेले असायचे, कारण माती उकरलेली कळत नाही. म्हणून ड्रायव्हरला एकच हुकूम पाठ करून घेतला होता, डांबर सोडायचं नाही. पुढच्या गाडीच्या चाकोरीतच चाक ठेवायचं. लघवीला उतरायचं तरी डांबरावरच, कुणी लाजायचं नाही. हे ऐकून भावजय आत पळाली. तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

मायनं त्याला तिथल्या जनावरांबद्दल विचारलं. मेंढरं नाहीत, तो म्हणाला, शेळ्या आहेत, बारक्या आणि काळ्या. घरं मोकळी पडली आहेत, पण म्हाताऱ्या बायका शेळ्या सोडून जात नाहीत. माय म्हणाली, त्या कशा जातील.

ऑक्टोबरात तार आली. दोन दिवसांनी छावणीतून एक साहेब आणि दोन जवान गावात आले. साहेब सरळ माणूस होता, हिंदीत मोजकं बोलला. कर्तव्यावर असताना सुरुंगाच्या स्फोटात. अंत्यसंस्कार तिथंच करावे लागले. त्यांनी लाल कापडानं तोंड बांधलेला कलश दिला आणि भावाची पत्र्याची पेटी दिली. मायनं पेटी घेतली. कलशाला हात लावला नाही.

"राख काय, चुलीतलीबी असती," ती म्हणाली. "त्यो कसा गेला ते सांगा."

साहेबानं पुन्हा तेच सांगितलं. रस्त्यात सुरुंग होता.

"माझं पोरगं चाकाखाली बघितल्याबगर गाडी हलवत नव्हतं. कसा गेला ते ठावं नाय, तर गेला कशावरून?"

 साहेब त्या गाडीजवळ नव्हताच. त्याला जे कळवलं होतं ते त्यानं पोचवलं. मायनं दहावा होऊ दिला नाही. कलश मी शहरात माझ्या घरी आणून माळ्यावर ठेवला. गावातल्या चार जाणत्यांनी तिला समजावलं, तिनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. आणि भावजयीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या. तिनं रडायचं नाही, असा घरात हुकूम होता. जिवंत माणसासाठी रडलेलं माय खपवून घेणार नव्हती. पोरगी रोज सकाळी कुंकू लावायची, शेण काढायची, भाकरी थापायची आणि दिवस गेला की भिंतीकडं तोंड करून निजायची. पैठणकडून तिचे आईवडील न्यायला आले. माय म्हणाली, नवरा येईल तेव्हा नेईल. ते दोघं ओट्यावर बसून राहिले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले.

संक्रांतीला तर मायनं तिला नवं लुगडं नेसवून हळदीकुंकवाला गावात पाठवलं. मी त्या दिवशी गावातच होते, तिच्याबरोबर गेले. बायकांनी तिला कुंकू लावलं, वाण दिलं. एकीनंही तिच्या डोळ्यांकडं बघितलं नाही. एका घरी तर बोट कपाळाला टेकायच्या आधीच मागं गेलं. घरी येताना पोरगी मला म्हणाली, "अक्का, मला एकदाच काय ते सांगा ना कुणीतरी." तिचं वय एकोणीस. मला तिच्यापुरतं काहीतरी करणं भाग होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं. त्यानंतर चार दिवसांनी शेजारच्या बाईनं मशीन थांबवलं.

ती बाई आमच्याच गावची. म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला आणि त्यात त्यांची वस्ती जळाली. ती, तिची आई आणि धाकटा भाऊ नेसत्या कपड्यांनी औरंगाबादला चालत आले आणि मुकुंदवाडीत राहिले. त्यानंतर त्यांच्यातल्या कुणी गावात पाय ठेवला नव्हता. शेडमध्ये ती आणि मी इतकी वर्षं हाताच्या अंतरावर बसत होतो, पण गावाचा विषय आमच्यात निघत नसे. नामांतराच्या मोर्चाच्या दिवशी ती रजा घ्यायची, मी रजा मांडायची. आता विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागलं आहे. तेव्हा त्या नावासाठी शहरात दर थोड्या दिवसांनी बंद असायचा आणि भिंती घोषणांनी भरलेल्या असायच्या. तिचा धाकटा भाऊ याच काळात फौजेत भरती झाला.

मुकुंदवाडीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. जवान बाजेवर बसला होता. वाळून गेला होता, आणि बाहेर कुणी दार आपटलं की त्याचे खांदे वर जायचे. मला बघून उठून उभा राहिला. त्याच्या बहिणीनं चहा ठेवला आणि ती चुलीपाशीच थांबली.

तो म्हणाला, माझा भाऊ आणि तो एकमेकांना गावचे म्हणून ओळखत होते, पण तिकडं भेटल्यावरच पहिल्यांदा धड बोलले. एका ताटात जेवले. माझ्या भावाचा ताफा जायचा तेव्हा याची तुकडी राखणीला असायची.

मग त्यानं मला सगळं सांगितलं. पूर्ण झाल्यावर म्हणाला, "अक्का, सायबानं सांगितलं तेबी खरंच हाय. सुरुंगच व्हता. तुमच्या मायला तेवढंच सांगायचं असंल तर म्या तेवढंच सांगतो. तुम्ही म्हणाल तसं."

 रविवारी मायला घेऊन येते, एवढं बोलले आणि बस पकडली.

तीन दिवस मी हूड उसवत विचार केला. त्यानं जे सांगितलं ते ऐकल्यावर मायला पटणार, यात मला शंका नव्हती. तसं वागणारा माणूस त्या अख्ख्या फौजेत तिचा मुलगा सोडून दुसरा नसेल. पण पटण्याबरोबर दुसरंही तिच्या पदरात पडणार होतं. त्याला तसं वागायला शिकवलं होतं तिनंच. अर्धं सांगावं तर ती आहे तिथंच राहणार आणि भावजय तिच्याबरोबर. पूर्ण सांगावं तर माय मोडणार. मायचं वय झालं होतं आणि पोरगी एकोणीस वर्षांची होती. शनिवारी काम संपेपर्यंत माझं ठरलं.

रविवारी सकाळी मी गावात गेले. मायला सांगितलं, त्याच्यामागच्या गाडीत असलेला माणूस आला आहे. कोण ते सांगितलं. ती म्हणाली, मग त्याला घेऊन यायचं होतंस.

"तो या गावात येणार नाही."

"कामून?"

"माय, त्याचं घर जाळलंय या गावानं."

तिनं वाड्याच्या काट्या सारल्या, मेंढरं भावजयीच्या ताब्यात दिली, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "चल. मीच जाते."

एसटीत ती खिडकीजवळ बसली. चिकलठाण्याच्या अलीकडं कारखान्यांची कुंपणं सुरू झाली. इथं आपण पावसाळ्यात बसायचो, असं ती दरवेळी एका ठिकाणी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

मुकुंदवाडीत जवानाच्या बहिणीनं तिला पाणी दिलं. माय त्या वस्तीतलं पाणी आयुष्यात कधी प्यालेली नव्हती. तिनं तांब्या घेतला, घटाघटा पिऊन रिकामा केला आणि खाली ठेवला. तिचं लक्ष जवानाकडं होतं. तो बाजेवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, सगळं सांग, काही गाळू नकोस.

त्यानं सांगितलं. सकाळी रस्ता तपासून झाला होता. पीठ, पाणी आणि डिझेल घेऊन ताफा निघाला. माझ्या भावाची गाडी मधे, पिठाच्या गोण्यांनी भरलेली. तिच्यामागं याची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झावळ्यांची कुंपणं आणि मोडकी घरं. पुढच्या गाड्या गेल्या, आणि एका बोळातून काळ्या शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला, बरोबर माझ्या भावाच्या समोर. लहान पिलं होती त्यात. अशा वेळी थांबायचं नाही, असाही हुकूम होता, कारण थांबलेल्या गाडीवर गोळीबार होतो. हॉर्न द्यायचा आणि जायचं. शेळ्या बाजूला होतात, नाही झाल्या तर नाही.

"त्यानं हॉर्न नाय दिला, मावशी," जवान म्हणाला. "गाडी हळू केली अन् डावीकडं उतरवली. खाली, मातीत. म्या वरडलो, पण त्याला काय ऐकू जाणार. दोन चाकं खाली गेली अन्..."

 मायनं त्याला वेळ दिला. मग तिनं विचारलं, त्याला त्रास झाला का. जवान म्हणाला, नाही. तो खोटं बोलत नव्हता, असं मला वाटलं.

"शेळ्यांमागं कोण व्हतं?" मायनं विचारलं.

"म्हातारी व्हती एक. कुंपणापाशी. दोन्ही हात वर करून हलवत व्हती." त्यानं हात डोक्याच्या वर नेऊन दाखवले. "शेळ्यांना हाकत व्हती का त्याला थांबवत व्हती, मला अजून कळलं नाय. रोज डोळ्यापुढं येती."

माय त्याच्या वर गेलेल्या हातांकडं बघत राहिली.

"थांबवत व्हती," ती म्हणाली. "शेळ्यांना असं हाकत नायत. पिलं असल्यावर तर नायच. असे हात केले की शेळी बुजून उलटी फिरती." थोड्या वेळानं म्हणाली, "तिला ठावं व्हतं तिथं काय पुरलंय."

चुलीपाशी जवानाची बहीण तोंडाला पदर लावून उभी होती. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.  मायनं जवानाला त्याच्या आईबद्दल विचारलं. तो म्हणाला, गेली, इकडं आल्यावर दोन वर्षांनी. माय म्हणाली, चांगली बाई होती, तिच्या हातची वाकळ आमच्या घरी होती. आणखी काही तिला सुचलं नसावं. उठताना तिनं जवानाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. तो मान खाली घालून बसून राहिला.

जाताना तिला माझ्या घरी घेऊन गेले. माळ्यावरचा कलश काढला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि करमाडपर्यंत एसटीत मांडीवर धरून बसली. कंडक्टरनं खाली ठेवायला सांगितलं. मी त्याच्याकडं बघितलं, तो पुढं गेला. वाटेत ती एकदाच बोलली.

"म्याच सांगितलं व्हतं त्याला. कळप फोडू नको म्हणून."

 तुझा दोष नाही, असं म्हणता आलं असतं. ते तिला खोटं वाटलं असतं आणि माझ्या तोंडून आणखीच खोटं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भावजय मेंढरं वाड्यात घालत होती. तिनं मायच्या हातातला कलश बघितला आणि काटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. माय तिच्याजवळ गेली, कलश ओट्यावर ठेवला, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "रड आता, बाई. म्या लई दिवस अडवलं तुला."

बांगड्या गावातल्या विधवा बायकांनी फोडायच्या, अशी रीत आहे. मायनं कुणाला बोलावलं नाही. ती स्वतः विधवा होतीच. पोरीचे हात तिनं जात्याच्या कडेवर ठेवले आणि एकेक बांगडी हळू दाबून फोडली, काच लागू नये म्हणून खाली पदर धरून. काचा मी गोळा केल्या. पोरगी आधी नुसती धाप लागल्यासारखी करत होती. मग तिचा आवाज फुटला आणि तो गावभर गेला. तीन महिन्यांचं होतं ते. बायका धावत आल्या. या वेळी त्यांनी तिच्या डोळ्यांकडं बघितलं.

मी पैठणकडच्या माणसांना निरोप धाडला. दहाव्याचं काय करायचं ते गावातल्या जाणत्यांना विचारून ठरवलं. चूल पेटवायची नव्हती, शेजारणीनं भाकरी आणल्या, त्या कुणी खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं वाड्यात ओरडायला लागली, तरी माय उठली नाही. जागी होती. भिंतीकडं तोंड करून पडली होती, भावजय पडायची तशी. मी विचारलं, कळप सोडायचा ना? ती म्हणाली, "मला रस्ता ओलांडायचा नाय." जनावराला कुणाचं सुतक नसतं. मी साडी खोचली, मायची काठी घेतली आणि काट्या सारल्या.

लग्नानंतर मी कळप हाकलेला नव्हता, पण हात विसरत नाहीत. गावाबाहेर पडून जालना रोडला आले. पलीकडच्या रानात हरभरा निघाला होता, तिथं जायचं होतं. मेंढरं डांबरावर चढली, निम्मी पलीकडं पोचली, आणि औरंगाबादकडून एक भरलेली लॉरी आली. ड्रायव्हर आमच्याच भागातला असणार. त्यानं हॉर्न दिला नाही. वेग कमी केला आणि डावीकडं वळवायला लागला. पुढचं चाक साइडपट्टीवर आलं.

मी दोन्ही हात वर करून हलवले. मग काठी आडवी धरून कळपात घुसले, मेंढरं मधून फोडली, निम्मी अलीकडं रेटली आणि त्याला डांबरावरून ये म्हणून खुणावलं. तो गोंधळून थांबला. मी पुन्हा खुणावलं. लॉरी सावकाश डांबरावर परत आली आणि मेंढरांच्या मधून निघून गेली. दोन्ही बाजूंना कोकरं ओरडत होती. लॉरी दिसेनाशी झाल्यावर मी अलीकडची मेंढरं रस्ता ओलांडून नेली आणि प्रत्येक कोकराला त्याची आई मिळेपर्यंत तिथंच उभी राहिले.